पाठपुरावाबाई

सैनिकी रुग्णालयात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना पाठपुरावाबाई म्हणायचे. आधी म्हणे पाठीमागे म्हणायचे. मग एकदा एका सर्जनसाहेबांच्या तोंडून ते चुकून समोरच निघालं. साहेब ओशाळले, तर बाई म्हणाल्या, "असू दे हो. दारावरच्या पाटीपेक्षा हे सोपं आहे." दारावर लिहिलं होतं, 'सैनिक रुग्ण व कुटुंब समन्वय कक्ष'. पाटी एवढी लांब आणि खोली एवढीशी, की आत दुसरी खुर्ची टाकली तर दार पूर्ण उघडायचं नाही.

आमची गाठ पडली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या अपघाताला तेवीस दिवस झाले होते. हे सैन्यात ड्रायव्हर. अवजड गाड्या चालवायचे. डोंगरातल्या रस्त्यावर कडेची माती ढासळली आणि गाडी खाली गेली. शेजारचा जवान उडी मारून वाचला, यांच्या डोक्याला डाव्या बाजूने मार बसला. तिथल्या छोट्या रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि वीस दिवसांनी यांना इथे मोठ्या रुग्णालयात हलवलं. जीव वाचला होता. पण उजवा हात उचलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. काही विचारलं तर माझ्याकडे बघत राहायचे, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसे.

मी घरी नऊ वर्षांची मुलगी सासऱ्यांवर सोपवून आले होते. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. मेंदूचे डॉक्टर वेगळे, हाताचे व्यायाम वेगळीकडे, बोलण्याचे उपचार तिसऱ्या मजल्यावर, सुट्टीचे कागद चौथ्या ठिकाणी. प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला, "काय झालं होतं?" अपघाताची हकीकत सांगून सांगून माझी इतकी पाठ झाली होती, की सांगताना डोळ्यांत पाणीसुद्धा येईना. मलाच माझी भीती वाटायला लागली.

त्या दिवशी एक्स-रेच्या खिडकीवर सांगितलं, फॉर्म वॉर्डातून आणा. वॉर्डात सांगितलं, फॉर्म एक्स-रेवालेच देतात. तिसऱ्या फेरीला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी ती चप्पल हातात घेऊन बाकावर बसले आणि ठरवलं, आता इथून उठायचंच नाही. कुणी येऊन उचलून नेलं तर नेलं.

समोर एक ठेंगणी, चष्मा कपाळावर चढवलेली बाई येऊन उभी राहिली. वय पंचावन्नच्या पुढेमागे.

"सकाळपासून माझ्या दारावरून सहा वेळा गेलात," त्या म्हणाल्या. "आत का आला नाहीत?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? सांगायचं काम माझंच आहे. दोन दिवस मी रजेवर होते, म्हणून राहिलात. चूक माझी. चला. आणि ती चप्पल द्या इकडे, पिन आहे माझ्याकडे."

त्या एवढ्याशा खोलीत त्यांनी मला बसवलं, चप्पल पिनेने सांधली आणि पेन उघडून म्हणाल्या, "आता सगळं मला एकदा सांगा. पहिल्यापासून, सावकाश. यापुढे हे कुणालाही सांगायची जबाबदारी माझी. कुणी विचारलं तर म्हणायचं, पाठपुरावाबाईंना विचारा."

मी सांगितलं. मला वाटलं, झालं. पण त्यांचे प्रश्न तिथून सुरू झाले. हे हसायचे कशाला? चिडायचे कशाला? मुलीला शाळेतून कोण आणतं? सासऱ्यांच्या गोळ्या वेळेवर होतात का? घरी न्हाणीघरात जायला पायरी आहे का? आणि मग, पेन खाली ठेवून, "तुम्ही पाठ टेकून शेवटच्या कधी झोपलात?"

तेवीस दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. जे पाणी येत नव्हतं ते आलं. बाई उठून दार लावायला गेल्या. दार लागण्यासाठी त्यांना आपली खुर्ची भिंतीला चिकटवावी लागली, ती आडवी अडकली, आणि ती सोडवता सोडवता मला रडताना हसू फुटलं.

दुपारपर्यंत फॉर्म माझ्या हातात होता. संध्याकाळी जवानांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या विश्रामगृहात मला पलंग मिळाला. मी अकरा तास झोपले.

त्यांच्याविषयी मला जे कळलं ते तुकड्यातुकड्याने, काही त्यांच्या तोंडून, काही वॉर्डातल्या सिस्टरकडून. बाई नर्स नव्हत्या, डॉक्टर तर नव्हत्याच. याच रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या एकोणीस वर्षं ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून बसायचं आणि आलेला फोन योग्य जागी जोडून द्यायचा. कुठल्या विभागात कोण बसतो, कुणाचा आवाज कुठल्या वेळी गोड असतो आणि कुणाचा जेवणानंतरच, हे त्यांना तोंडपाठ. 'साहेब राउंडला गेलेत' म्हणजे साहेब चहा घेतायत, आणि 'साहेब आत्ता इथेच होते' म्हणजे आज आलेलेच नाहीत, हेही.

तिथे बसून त्या जवानांच्या घरच्यांचे फोन ऐकायच्या. एखादी आई लांबून फोन करायची, तिला एका विभागाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे टोलवलं जायचं आणि ती पुन्हा फिरून बाईंच्याच कानात यायची. "अहो, मघाशी तुम्हीच होता ना?" मग बाई तिचा नंबर वहीत टिपून ठेवायच्या, स्वतः चौकशी करायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत तिला उलटा फोन लावायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. नियमातही नव्हतं. एक्स्चेंजचं काम यंत्राकडे गेलं तेव्हा बाकीच्या ऑपरेटर इकडेतिकडे गेल्या. त्याच सुमारास जखमी जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी हा समन्वयाचा विभाग सुरू होत होता. त्या वेळच्या मुख्य डॉक्टरांना कुणीतरी बाईंची वही दाखवली. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "हा विभाग तर आपल्याकडे आधीपासूनच चालू आहे की!"

मग रीतसर प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, पाटी लागली. वॉर्डसिस्टर सांगायच्या, बाई त्या परीक्षेत पहिल्या आल्या, पण निकालाचा कागद मिळवायला त्यांना स्वतःलाच चार चकरा माराव्या लागल्या.

आमच्या बाबतीत खरी कसोटी इथल्या पाचव्या आठवड्यात लागली. दर आठवड्याला सगळे विभाग एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करायचे. यांच्याबद्दल मत वाईट पडत चाललं होतं. बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडम तरुण होत्या, मन लावून शिकवायच्या. पण हे त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. सांगितलेलं करायचे नाहीत. एकदा चित्रांची कार्डं उधळून दिली. अहवालात लिहिलं गेलं, 'समज कमी, उपचाराला प्रतिसाद नाही.' पुढच्या बैठकीत घरी पाठवायचं ठरणार होतं. घरी म्हणजे कायमचं. मला कुणी तसं तोंडावर बोललं नाही, पण तेवढं कळतं.

मी बाईंना म्हटलं, "त्यांना समजत नाही असं म्हणतात. पण रात्री मी गोष्टी सांगते तेव्हा ते कसे ऐकतात बघा." रात्री मी पलंगाच्या दुसऱ्या अंगाला, भिंतीकडच्या फटीत शिरून त्यांच्या उशाशी बसायची आणि मुलीचे पराक्रम सांगायची. तेव्हा त्यांचे डोळे वेगळे असायचे.

"कुठे बसता म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"भिंतीकडे. उजव्या हाताच्या बाजूला. दिवसा तिथे कुणी बसत नाही, त्यांचा हात उशीवर ठेवलेला असतो ना. खुर्चीही तिथे मावत नाही."

त्या लगेच उठल्या. वॉर्डात आल्या, पलंगाच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हातातला स्टीलचा पेला त्यांनी धाडकन फरशीवर टाकला. मी दचकले, शेजारचा रुग्ण उठून बसला. यांनीही मान वळवली. पण वळवली ती उजवीकडे. भिंतीकडे. आवाज तिकडून आला असं समजून.

बाईंनी पेला उचलला. "बाई गं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "यांना समजतंय. यांना या बाजूने ऐकूच येत नाहीये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी एकोणीस वर्षं एका कानाने नोकरी केली. दुसऱ्या कानाच्या बाजूने कुणी बोललं, तर माणूस कसा भलतीकडे बघतो, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

मग त्यांनी जुनी फाईल काढायला लावली, डोंगरातल्या रुग्णालयातून आलेली. तिच्या तिसऱ्या पानावर तळाशी लिहिलेलं होतं, डाव्या कानाची तपासणी करावी. पण यांना हलवलं तेव्हा कानावर पट्टी होती, नंतर पट्टी निघाली, आणि तोपर्यंत ते पान बाकीच्या कागदांखाली गेलं होतं. यात कुणी एक दोषी नव्हतं. प्रत्येकाने आपापलं पान नीट वाचलं होतं. सगळी पानं एकत्र कुणी वाचली नव्हती.

दोन दिवसांत कानाची तपासणी झाली. डावा कान पूर्ण गेलेला होता. उजवा शाबूत. आणि सगळं रुग्णालय पाच आठवडे त्यांच्या डाव्या कानात बोलत होतं.

बैठकीत काय झालं ते मला सिस्टरने सांगितलं. बाईंनी कुणालाही बोल लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "पलंग फिरवून घेऊ. तीन आठवडे द्या. मग जे ठरवाल ते मी स्वतः कुटुंबाला सांगेन." बोलण्याच्या उपचारांच्या मॅडमचा चेहरा पडला होता. पण त्या मनाने मोठ्या. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन उजव्या बाजूला बसल्या आणि यांना म्हणाल्या, "दादा, माझं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून करू या?" यांनी हळूच मान हलवली. माझ्या हातातला टॉवेल खाली पडला.

चित्रांच्या कार्डांवर फुलं, पक्षी, फळं होती. बाईंनी ती बाजूला ठेवायला सांगितली. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं, की हा माणूस सुट्टीच्या दिवशीही कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली झोपलेला असतो. त्यांनी मोटार दुरुस्तीच्या शाखेतून जुने सुटे भाग मागवले. पलंगावर वर्तमानपत्र अंथरून तेलकट लोखंडाचा ढीग मांडला. सिस्टरने डोळे वटारले. चौथ्या दिवशी यांनी डाव्या हातात एक तबकडी धरली, फिरवून फिरवून बघितली, ओठ दोन-तीनदा जुळवले आणि म्हणाले, "क्लच."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. मग रात्री विश्रामगृहात आडवी पडल्यावर मला रागच आला. बारा वर्षांचा संसार आणि पहिला शब्द काय, तर क्लच! दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तर त्या हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. "तुमचा नंबर गिअरबॉक्सनंतर लागेल," म्हणाल्या. खरंच माझं नाव पंधराव्या दिवशी आलं, पण आलं.

सगळंच त्यांच्या हातून बरोबर झालं असं नाही. मुलीला वडिलांना भेटवायची घाई त्यांनी केली. मी म्हणत होते थांबू या, त्या म्हणाल्या, तिला न दिसलेलं जास्त घाबरवतं. सासरे तिला घेऊन आले. यांना तिचं नाव आठवेना. खूप धडपडले, चेहरा लाल झाला आणि शेवटी समोरचा कप भिंतीवर फेकला. पोर किंचाळत बाहेर पळाली. मी बाईंना नाही नाही ते बोलले. तुमची मुलगी असती तर कळलं असतं, असंही बोलले. त्यांना मूल नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. तुमचं ऐकायला हवं होतं." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मला कळलं, रुग्णालयातून निघून त्या सरळ आमच्या घरी गेल्या होत्या, बसने दीड तास. मुलीजवळ बसून त्यांनी तिला समजावलं, की बाबांच्या डोक्यात तुझं नाव आहे, फक्त ते ठेवलेला कप्पा सापडत नाहीये. त्यांना तुझा राग आला नव्हता, स्वतःचा आला होता. तिच्या वर्गशिक्षिकेलाही भेटल्या. शिवाय न्हाणीघराची पायरी मोजून, सासऱ्यांकडून चहा घेऊन परतल्या. त्यानंतर मुलगी रोज एक पत्र पाठवायची, प्रत्येक पत्राच्या वर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात. दोन आठवड्यांनी यांनी ते वाचलं. मोठ्याने. ती पुन्हा आली तेव्हा दारातूनच तिने विचारलं, "सांगा पाहू मी कोण?" आणि यांनी सांगितलं.

मी बाईंची माफी मागितली. "त्याची नोंद नाही केली मी," एवढंच म्हणाल्या.

पुढचं सांगायला सोपं आहे, व्हायला वर्ष लागलं. यांना घरी सोडायच्या आधीच न्हाणीघरात दांडा बसला होता. घराजवळच्या रुग्णालयात व्यायामाची वेळ ठरली होती आणि तिथल्या लोकांना यांचा शाबूत कान कुठला ते माहीत होतं. मेडिकल बोर्डाच्या दिवशी, म्हणजे यांना नोकरीत ठेवायचं की नाही हे ठरायच्या दिवशी, बाई आमच्यासोबत आल्या. मला वाटलं, आत येऊन त्या बोलतील. त्यांनी नकार दिला. "आत्तापर्यंत त्यांच्या वतीने आपणच बोलत आलो," म्हणाल्या. "आज त्यांना बोलू द्या." दीड तास आम्ही दोघी बाहेर बाकावर. मी नखं कुरतडत होते आणि त्या स्वेटर विणत होत्या. नंतर बघितलं तर एक अख्खी बाही उलटी विणली होती.

आत अध्यक्षांनी यांना विचारलं, काय करावंसं वाटतं? हे म्हणाले, "गाडी... चालवणार नाही. गाडी... ओळखतो." आज हे वर्कशॉपच्या सुट्या भागांच्या भांडारात काम करतात. डाव्या हाताने लिहितात. वाक्य तुटक येतं, थकले की येतही नाही, आणि कधीकधी माझ्यावर उगाच चिडतात. उजव्या हाताची दोन बोटं हलतात, बाकीची नाहीत. पण सकाळी डबा घेऊन कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. एवढ्याचं मोल काय, ते मला विचारा.

मागच्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. आम्ही तिघं पत्ता शोधून त्यांच्या घरी गेलो, न कळवता. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी आरामखुर्चीत त्यांची आई बसलेली, नव्वदीच्या घरातली. बाईंनी आम्हाला बघून चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला.

"ही कोण गं?" आईंनी विचारलं.

"माझ्या ऑफिसातल्या, आई."

पाच मिनिटांनी आई पुन्हा, "ही कोण?" बाई तितक्याच शांतपणे, "ओळखीची मंडळी आहेत, आई." चहा झाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ही मंडळी भेटायला आलीत. मला भेटायला."

आठ वर्षं आईंचं हे असंच होतं. सकाळी त्यांचं सगळं आवरून, शेजारणीच्या हवाली करून बाई आठला रुग्णालयात हजर असायच्या. पहिल्या भेटीआधी त्या दोन दिवस रजेवर होत्या, त्याही आई घराबाहेर पडून वाट चुकल्या होत्या म्हणून. माझ्या घरातली पायरी बाईंनी मोजली आणि त्यांच्या घरी कोण आहे, हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, तुला तेव्हा दुसऱ्याचं विचारायची उसंत होती का?" पहिल्यांदाच त्या मला 'अगं' म्हणाल्या.

मी म्हटलं, "आता आहे उसंत. एक रविवार आड आम्ही येणार. आईंजवळ बसू. तुम्ही बाहेर जायचं."

"काहीतरीच काय! मला कुठे जायचंय?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

त्या नाही नाही म्हणत राहिल्या. इतका वेळ गप्प बसलेले हे एकदम म्हणाले, "येणार. आम्ही." मग जरा दम घेऊन, "ठरलं."

पहिल्या रविवारी बाई अर्ध्या तासात परत आल्या. म्हणाल्या, बागेपर्यंत गेले, पण पुढे काय करायचं तेच सुचेना. परवा मात्र त्या अडीच तास बाहेर होत्या. आई आमच्या मुलीकडून तिच्या शाळेची तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकत होत्या, आणि हे खिडकीची करकरणारी कडी डाव्या हाताने सारखी करत होते. बाई आल्या त्या केस कापून, मोकळ्या हाताने, आणि कुठे गेला होता विचारलं तर सांगेनात.